उरकण्याची सवय मोडायची कशी?

सुट्टीच्या दिवशी करायच्या कामांची यादी मी बरीच वर्षं करत आलो. एकदा त्या यादीत 'आराम, ३ ते ४' असं लिहिलं होतं, आणि पावणेचारलाच त्यापुढे बरोबरची खूण करून मी मोकळा झालो. पंधरा मिनिटं वाचली म्हणून बरंही वाटलं. त्या पंधरा मिनिटांचं काय केलं म्हणाल, तर पुढचं काम हातात घेतलं.

आपल्या भाषेत यासाठी अगदी नेमकं क्रियापद आहे: उरकणं. कामं उरकतो तशीच आपण आंघोळ उरकतो, जेवण उरकतो, भेटीगाठी उरकतो, आणि मग एक दिवस लक्षात येतं की सहलसुद्धा उरकून आलो. कमी वेळात जास्त कामं कशी करावीत हे सांगणारे सल्ले ढिगाने मिळतात आणि ते लागूही पडतात. घोटाळा त्यानंतर होतो. वाचलेल्या वेळेत दुसरं काम येऊन बसतं. म्हणून या लेखात वेळ वाचवण्याची एकही युक्ती नाही. सवड आधी बाजूला काढायची आणि मग तिच्यावर पहारा ठेवायचा, एवढंच करायचं आहे. ते कसं, ते पायरी-पायरीने सांगतो.

वाचलेला वेळ जातो कुठे?

१८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल एक उलटी गोष्ट दाखवून दिली. वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात तेवढंच काम व्हायला लागलं, तर कोळशाचा खप घटायला हवा. तो वाढला. काम स्वस्तात होतं म्हटल्यावर लोकांनी इंजिनंच जास्त लावली. वेळेचंही असंच होतं. अमेरिकी घरांमध्ये कपडे धुण्याची यंत्रं आली तेव्हा काय झालं, हे रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी शोधलं. एकेका धुण्यातले कष्ट कमी झाले, पण कपडे पूर्वीपेक्षा जास्त वेळा धुतले जाऊ लागले, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, आणि पूर्वी इतरांमध्ये वाटलेलं काम एकट्या गृहिणीवर आलं. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने १९३० मध्ये अंदाज बांधला होता की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. शंभर वर्षं भरत आली. यंत्रं आली, पंधरा तास काही आले नाहीत.

हातात घड्याळ धरून माणसाचं काम मोजण्याची पद्धत रुळवली ती फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने. त्याचं पुस्तक १९११ मध्ये आलं आणि आजच्या सगळ्या 'कार्यक्षमते'चं मूळ तिथे सापडतं. पण त्यातला एक हिशेब सहसा कुणी सांगत नाही. सुमारे ४२ किलोचे लोखंडी ठोकळे वाहणाऱ्या मजुरांचा अभ्यास करून टेलर म्हणाला की धडधाकट माणूससुद्धा दिवसाचा ४३ टक्केच वेळ ओझं पेलू शकतो, उरलेले ५७ टक्के त्याचे हात रिकामेच असले पाहिजेत. मजुरांनी कधी उचलायचं आणि कधी बसायचं, हे सांगायला तो एक माणूस नेमत असे. घड्याळ लावून राबवणाऱ्याच्या हिशेबातही निम्म्याहून जास्त दिवस बिनओझ्याचा होता! आपल्या यादीत तेवढी मोकळी जागा कुणी सोडलेली मी पाहिलेली नाही.

पायरी १: सात दिवस घाईची वही लिहा

एक साधी वही घ्या. ॲप नको, ॲप आठवण करून देतं आणि आठवण म्हणजे आणखी एक घाई. पानावर तीन रकाने आखा: किती वाजता घाई केली, काय करत होतो, आणि कोण थांबलं होतं. दिवसातून तीन-चार वेळा आठवेल तेवढं लिहा. सगळं टिपायचा अट्टाहास करू नका.

खरी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे. मुलाची शाळेची गाडी थांबली होती, साहेब थांबले होते, रुग्ण थांबला होता, अशा नोंदी असतीलच. पण बऱ्याच ओळींपुढे तो रकाना कोरा राहतो. जिना धावत उतरलो, कोणी थांबलं नव्हतं. भांडी आदळत आवरली, कोणी थांबलं नव्हतं. घरातल्या माणसाचं वाक्य मध्येच तोडून 'हो, कळलं' म्हणालो, तेव्हाही कोणी थांबलं नव्हतं, उलट तेच माणूस बोलत होतं. ऐकण्याच्या कार्यक्रमांचा वेग दीडपट करून ऐकायची सवय मला या वहीतच सापडली. गाणंसुद्धा दीडपटीने ऐकायचं बाकी राहिलं होतं.

सात दिवस झाले की लिहिणं बंद करा. आठव्या दिवशी चालू ठेवलंत तर तोही एक उपक्रम होतो.

पायरी २: खरी घाई आणि सवयीची घाई वेगळी करा

ज्या ओळींपुढे कुणाचं तरी नाव आहे, त्यांना तूर्त हात लावू नका. कोऱ्या रकान्यांच्या ओळी आपल्या, तिथून सुरुवात.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. काही लोकांच्या वहीत कोरा रकाना फारसा नसतोच. दोन नोकऱ्या करणारी माणसं, तान्ह्या बाळाची आई, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा करणारा मुलगा, यांना 'जरा सावकाश घ्या' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना सल्ल्यापेक्षा कुणाच्या तरी हाताची मदत लागते. अशा वेळी पायरी ३ आणि ८ एवढ्याच वाचाव्यात, बाकीचं नंतर.

आणि कामाचे तासच मुळात जास्त असतील, तर दोष वृत्तीत शोधू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. दीर्घ श्वास घेऊन हे आकडे बदलत नाहीत. तिथे तास कमी करण्याचीच बोलणी करावी लागतात. झोपूनही थकवा जात नाही, कामाचा आणि कामातल्या माणसांचा उबग आलाय, हातून काही धड होत नाही असं वाटतं, ही तीन लक्षणं एकत्र आणि बरेच दिवस असतील तर लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.

पायरी ३: यादीला कात्री लावा, आणि 'बघतो' म्हणणं सोडा

डोक्यातली, फोनमधली, चिठ्ठ्यांवरची सगळी कामं एका कागदावर उतरवा. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हे केलंच नाही तर कोणाचं काय बिघडेल? उत्तर 'कोणाचंच काही नाही' असेल तर काट मारा. 'कधीतरी करू' अशी वेगळी यादी करू नका, ती म्हणजे न फेडलेल्या कर्जाची वही. काट म्हणजे काट.

उरलेल्यांपैकी रोज तीन कामं घ्या. तीन आटोपून वेळ उरला तर चौथं घ्यायचं नाही. हे वाचायला सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात सगळ्यात अवघड हेच जातं. हात शिवशिवतात.

यादी भरते ती बहुतेक वेळा आपल्या जिभेमुळे. कुणी काही मागितलं की आपण 'बघतो', 'जमवतो', 'करू या ना' म्हणतो. ऐकणाऱ्याला ते 'हो' वाटतं, आपल्याला ते 'नाही' वाटत असतं, आणि शेवटी ते काम रात्री अकरा वाजता चिडचिड करत आपणच करतो. त्याऐवजी पुढची वाक्यं तोंडात बसवा:

'या महिन्यात मला जमणार नाही. पुढच्या महिन्यात विचारलंत तर तेव्हाचं तेव्हा सांगेन.'
'पूर्ण नाही जमणार, पण पहिला भाग करून देतो. चालेल का?'
'हे घेतलं तर ते आधीचं राहील. कुठलं आधी हवंय ते तुम्ही सांगा.'

तिसरं वाक्य साहेबांसाठी. त्यात नकार नाही, पण निवड ज्याची त्याच्याकडे जाते. नकाराबरोबर कारणांची माळ लावू नका. जेवढी कारणं द्याल तेवढी ती खोडायला समोरच्याला जागा मिळते.

पायरी ४: दोन कामांमध्ये फट ठेवा

दहा वाजताचं काम अकराला संपणार आणि अकराचं अकरालाच सुरू होणार, अशी आखणी आपण करतो. संस्थांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. आपण दुसऱ्या खोलीत जातो, मन उंबऱ्यातच रेंगाळतं.

त्यावर उपाय दोन. काम थांबवताना 'पुढे काय करायचं' याची एक ओळ लिहून ठेवा. पुढचं पाऊल ठरलेलं असलं की अर्धवट काम डोक्यात टोचत राहत नाही. मग निदान दहा मिनिटं काहीही ठेवू नका. उठा, पाणी प्या, खिडकीबाहेर बघा. फोन बघणं यात धरायचं नाही, ते तिसरं काम झालं.

दुसरा उपाय अंदाजाचा. १९९४ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं, लागले सरासरी ५५ दिवसांहून जास्त. गंमत म्हणजे 'सगळं बिघडलं तर किती?' असं विचारल्यावरही त्यांनी सरासरी ४९ दिवसच सांगितले होते. म्हणजे आपली सगळ्यात वाईट कल्पनासुद्धा आशावादीच असते. तेव्हा मनात येईल त्या अंदाजाची दीडपट करा आणि तेवढा वेळ लिहा. लवकर संपलं तर उरलेला वेळ तुमचा, त्याच्यावर पहिला हक्क दुसऱ्या कामाचा नाही.

पायरी ५: फोनला जागा नेमून द्या

याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी करत नाही. माणसांचे फोन सोडून बाकी सगळ्या सूचना बंद. घरात फोनची एक जागा ठरवा, चप्पल दाराशी काढतो तसा तिथे ठेवा. वेळ बघायला हातावरचं किंवा भिंतीवरचं घड्याळ वापरा, कारण 'किती वाजले' म्हणून उचललेला फोन अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो. पावलं, झोप, पाणी मोजणारी सगळी साधनं महिनाभर बंद ठेवून बघा. डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल तर मात्र चालू राहू द्या.

पायरी ६: रोजची एक गोष्ट सावकाश करा

नवीन काही सुरू करू नका. जी गोष्ट तुम्ही एरवीही करताच, ती एक निवडा: आंघोळ, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी घालणं, एक वेळचं जेवण, कोपऱ्यापर्यंत चालणं. रोज तीच. सुरू करण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हातांचा वेग नेहमीच्या निम्म्यावर आणा. मनाचा वेग आणायला जाऊ नका, तो ऐकत नाही. हात सावकाश झाले की मन थोड्या वेळाने मागून येतं. मग त्या गोष्टीतलं एक काहीतरी नेमकं टिपा: धुतलेल्या कापडाचा वास, पाणी पडल्यावर मातीचा बदलणारा रंग, पहिल्या घासाची चव. झाल्यावर 'आज चांगलं जमलं का' असं स्वतःला विचारू नका.

सुख चाखण्याच्या या क्रियेचा मानसशास्त्रात फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ वेरॉफ यांनी बराच अभ्यास केला आहे. चांगली गोष्ट वाट्याला येणं आणि ती चाखता येणं ही त्यांच्या मते दोन वेगळी कौशल्यं आहेत. त्यांनी सांगितलेल्या मार्गांपैकी मला सगळ्यात उपयोगी पडलेला म्हणजे मोठ्याने म्हणणं. 'वा, काय वारा सुटलाय!' एवढंच, शेजारी कुणी असेल तर त्याला, नाहीतर स्वतःशी. आपले आजी-आजोबा हे कुणी न शिकवता करत असत.

सावकाश करणं आणि चालढकल यांत मात्र गल्लत नको. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सनने १९५५ मध्ये, काम हाताशी असलेल्या वेळेइतकं फुगतं, हा आपला प्रसिद्ध नियम मांडताना एका आजीबाईंचं उदाहरण दिलं होतं. पुतणीला एक पोस्टकार्ड पाठवायला त्यांना अख्खा दिवस लागतो. तासभर कार्ड शोधण्यात, तासभर चष्मा शोधण्यात, अर्धा तास पत्ता शोधण्यात, सव्वा तास मजकुरात, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी का या विचारात वीस मिनिटं. कामात असलेल्या माणसाला यासाठी तीन मिनिटं पुरली असती. मला पूर्वी वाटायचं, काय सुखी बाई! पण पार्किन्सन पुढे म्हणतो की दिवस संपताना त्या शंका आणि काळजीने पार थकून गेलेल्या असतात. दिवसभराची सवड असूनही त्या धांदलीतच होत्या. त्या दिवसातला सव्वा तासच कदाचित कामाचा होता, पुतणीला काय लिहावं हे सुचत होतं तो. चष्म्याची जागा ठरलेली असती तर तो दोन तासही चालला असता. म्हणून किल्ल्या, चष्मा, पाकीट, बिलं यांच्या जागा ठरवून टाका. या कामांत रमण्यासारखं काही नसतं, ती खुशाल उरका.

पायरी ७: रिकामं बसायला शिका

ही पायरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे. २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात माणसांना पंधरा मिनिटं खोलीत नुसतं विचार करत बसायला सांगितलं. हवं तर एक बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका देता येणार होता, आणि तो झटका नको असल्याचं सगळ्यांनी आधीच सांगितलेलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तो स्वतःला दिला. तेव्हा पहिल्या दिवशी तुम्हाला चैन पडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

पाच मिनिटांपासून सुरुवात करा. पाठीला आधार, डोळे उघडे, समोर शक्यतो आकाश किंवा झाड. याला ध्यान म्हणू नका, नाहीतर ते नीट करायची चिंता लागते. पहिल्या मिनिटाला राहिलेली कामं आठवतील. शेजारी कागद ठेवा, एका शब्दात लिहा, पुन्हा बसा. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला पाय हलायला लागतो. श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडताना जास्त लावा, चार-पाच वेळा, म्हणजे छातीतली धडधड थोडी निवळते. मग कंटाळा येईल. तो येऊ द्या. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा, वीसच्या पुढे जायची गरज नाही.

सगळ्यात चिवट अडथळा अपराधी वाटण्याचा. 'रिकामटेकडा' हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला असतो आणि पाच मिनिटांतच तो आतून ऐकू येतो. त्यावर एक उत्तर हल्ली सगळीकडे देतात: मेंदू रिकामा असतानाही काम करतच असतो. ते खरंच आहे. मेंदूतज्ज्ञ मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये मेंदूच्या या विश्रांतीतल्या हालचालीचं वर्णन केलं आणि त्यावर पुढे पुष्कळ संशोधन झालं. पण 'म्हणजे रिकामं बसलं की काम जास्त होतं तर!' असा आनंद झाला असेल, तर तुम्ही पुन्हा यादीकडेच निघालात. पाच मिनिटं कशाच्याही उपयोगी न पडता गेली तर जाऊ द्या.

पायरी ८: तुमची सवड कुणाच्या धावपळीवर उभी आहे ते बघा

मी रोज संध्याकाळी अर्धा तास गच्चीत बसायला लागलो तेव्हा फार खूश होतो. पंधरा दिवसांनी बायकोने शांतपणे विचारलं, 'तुझ्या त्या अर्ध्या तासात खाली काय चाललेलं असतं, माहीत आहे?' मला माहीत नव्हतं. मुलाचा अभ्यास, उद्याची तयारी, फोन, कचरा, सगळं त्याच अर्ध्या तासात होतं आणि ते एकटीने होत होतं.

त्या रात्री आम्ही घरातली सगळी कामं लिहिली, दिसणारी आणि न दिसणारीही. औषधं संपत आली हे लक्षात ठेवणं हेसुद्धा काम. कोणाच्या वाढदिवसाला काय द्यायचं हे ठरवणं हेही. यादी दोन पानं झाली. वाटणी करताना 'मी मदत करतो' अशी भाषा ठेवली नाही, काम ज्याच्याकडे गेलं ते आठवणीसकट गेलं. आता तिचा अर्धा तास सकाळी असतो, माझा संध्याकाळी, आणि रविवारी दुपारी दोघांचाही एक तास, ज्यात काय करायचं हे ठरवायला बंदी आहे. एकटे राहत असाल तर ही पायरी ऑफिसात लावून बघा. आपण सुट्टीवर असताना आपलं काम कोणाच्या टेबलावर जातं?

पायरी ९: एक गोष्ट वाईट करत राहा

एखादा छंद असा ठेवा ज्यात तुम्हाला सुधारायचं नाही. शिकवणी नाही, स्पर्धा नाही, लोकांना दाखवणं नाही. मी चित्रं काढतो. माझी झाडं ढगांसारखी दिसतात आणि ढग दगडांसारखे. मुलाने विचारलं, 'याचं पुढे काय करणार?' काही नाही, म्हटलं. तो थोडा वेळ बघत उभा राहिला, मग त्यानेही कागद मागितला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळं ढासळेल. एखादा मोठा कामाचा रेटा येईल, फट बुजेल, फोन पुन्हा उशाशी येईल. अशा वेळी सगळ्या पायऱ्या परत सुरू करायला जाऊ नका. सहावी धरा, रोजची ती एकच सावकाश गोष्ट, आणि बाकीचं सुचेल तसं येऊ द्या.

तीन महिन्यांनी पहिल्या पायरीतली वही पुन्हा काढा, तेच तीन रकाने, पुन्हा सातच दिवस. दोन्ही आठवड्यांच्या पानांवरचे कोरे रकाने शेजारी ठेवून बघता येतात. मीही ते मोजून बघणार होतो. मग एका दुपारी वही उघडून बसलो, बाहेर पाऊस लागला होता, आणि मोजायचं राहूनच गेलं.